व्हिसा मिळतो, दाढ राहते

१८८० साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर दंतवैद्याकडे नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. वेळ जावा म्हणून त्यांनी हाताशी असलेलं ‘मिशनरी रिव्ह्यू’ मासिक उघडलं. त्यात गोपाळराव जोशी या टपालखात्यातल्या कारकुनाचं पत्र छापलेलं होतं. पत्नीला अमेरिकेत शिकवायचं आहे, काही मदत होईल का, अशी विचारणा त्यात होती. पत्र ज्यांना लिहिलं होतं ते रॉयल वाइल्डर कोल्हापुरात राहून गेलेले मिशनरी. त्यांनी मदतीला धर्मांतराची जोड सुचवली आणि पत्रव्यवहार छापून मोकळे झाले. कार्पेंटरबाईंना मात्र ते पत्र वाचून चैन पडेना. त्यांनी गोपाळरावांच्या पत्नी आनंदीबाईंना लिहायला घेतलं, १८८३ च्या जूनमध्ये त्यांना आपल्या घरी उतरवून घेतलं, आणि मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या.

मराठी माणसाच्या परदेशी शिक्षणाचा सर्वांत तेजस्वी अध्याय असा दंतवैद्याच्या दारात सुरू झाला. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षं लोटली. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकून पहिला क्रमांक घेतला. पुढच्याच वर्षी हा आकडा ३,६३,०१९ वर गेला. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडलेली हजारो मुलं-मुली त्यात आहेत. निघण्याआधी त्यांचं सगळं तपासलं जातं: गुणपत्रिका, बँकेचं पत्र, कर्जाचे कागद, लशींच्या नोंदी, बॅगांचं वजन. एक गोष्ट क्वचितच कुणी तपासतं, ती म्हणजे तोंड.

मग कधीतरी नोव्हेंबरात, सहामाही परीक्षेच्या तोंडावर, रात्री दोन वाजता अक्कलदाढ ठणकायला लागते.

हा काळ नेमका का, याचं उत्तर शरीरशास्त्रात आहे. अक्कलदाढा साधारण सतरा ते पंचवीस या वयात वर येतात. जबड्यात जागा पुरेशी नसेल तर दाढ अर्धवट हिरडीखाली राहते, तिच्यावरच्या हिरडीच्या झाकणाखाली अन्न अडकतं, जंतू वाढतात, गाल सुजतो, तोंड उघडेनासं होतं. परदेशी पदव्युत्तर शिक्षणाचं वयही हेच. घरातून पहिल्यांदा बाहेर पडणं, स्वतःचं स्वतः शिजवणं, रात्रपाळीची कामं, कॅम्पसवर फुकट मिळणारा पिझ्झा आणि स्वस्त सोडा, झोपेत दात खाणं, आणि अक्कलदाढ, हे सारं एकाच दीड-दोन वर्षांत येऊन पडतं. अशा वेळी घरी असलेला मुलगा आईला सांगतो आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जाऊन बसतो. बफेलोत किंवा डॅलसमध्ये असलेला मुलगा आधी विम्याचं कार्ड काढतो, आणि तिथे त्याला कळतं की त्याच्या आरोग्य विम्यात दात येतच नाहीत.

अमेरिकेचे नियम काय मोलाचं मानतात हे पाहिलं की आश्चर्य वाटतं. ‘जे-१’ व्हिसावर येणाऱ्या विद्यार्थ्याला विमा सक्तीचा आहे. प्रत्येक आजारासाठी किमान १,००,००० डॉलरचं वैद्यकीय संरक्षण हवं, आणि मृत्यू झालाच तर पार्थिव मायदेशी पाठवण्यासाठी २५,००० डॉलरची तरतूद हवी. दातांसाठी एका डॉलरचीही अट नाही. बहुसंख्य भारतीय विद्यार्थी ‘एफ-१’ व्हिसावर असतात. त्यांना तर केंद्र सरकारची विम्याची सक्तीच नाही, जे काही बंधन असतं ते विद्यापीठाचं. विद्यापीठाच्या योजनेत दंतविमा बहुधा वेगळा, ऐच्छिक आणि वेगळ्या पैशाचा असतो. डोक्यावर शैक्षणिक कर्ज असलेला मुलगा ऑगस्टमध्ये फॉर्म भरताना त्या चौकोनात खूण करत नाही. दुखत काहीच नसतं ना!

तोंड आणि शरीर यांची अशी फाळणी कशी झाली, त्याला इतिहास आहे. १८४० साली मेरिलँड राज्यातल्या बाल्टिमोर शहरात जगातलं पहिलं दंतवैद्यक महाविद्यालय निघालं. होरेस हेडन आणि चेपिन हॅरिस हे त्याचे संस्थापक. मेरिलँड विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने दंतशास्त्र आपल्या छत्राखाली घ्यायला नकार दिला म्हणून हे स्वतंत्र बिऱ्हाड थाटावं लागलं, असं तिथल्या दंतवैद्यांच्या पिढ्या सांगत आल्या. पदवी वेगळी झाली, दवाखाने वेगळे झाले, आणि पुढे विमा आला तोही वेगळाच. १९६५ मध्ये वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ योजना आली, तेव्हाही नेहमीचे दंतोपचार बाहेरच ठेवले गेले.

त्याच मेरिलँडमध्ये फेब्रुवारी २००७ मध्ये डिअमॉन्टे ड्रायव्हर हा बारा वर्षांचा मुलगा वारला. किडलेल्या दाढेतला पू मेंदूपर्यंत पोहोचला होता. दाढ काढायला सुमारे ८० डॉलर लागले असते. त्याच्या मेंदूवरच्या शस्त्रक्रिया आणि रुग्णालयाचा खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात गेला. कुटुंबाचं सरकारी विम्याचं संरक्षण मध्येच खंडित झालं होतं. ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या वार्ताहर मेरी ओटो यांनी ही हकीकत देशापुढे आणली आणि नंतर ‘टीथ’ हे पुस्तक लिहिलं. २००९ मध्ये मुलांच्या सरकारी विमा योजनेत दंतोपचार अनिवार्य झाले. प्रौढांबाबत अशी देशव्यापी सक्ती आजही नाही. परदेशी विद्यार्थी प्रौढ असतो, आणि परकाही.

म्हणून दाढ दुखेपर्यंत थांबणाऱ्या विद्यार्थ्याला आळशी म्हणणं सोपं असलं तरी ते न्यायाचं नाही. त्याचं वागणं दोन बाजूंनी घडलेलं असतं. एक बाजू आत्ताच पाहिली. दुसरी त्याच्या घरातून आलेली असते.

महाराष्ट्रातल्या घरांत दातांची काळजी म्हणजे दात घासणं. त्यापुढे फार काही नाही. आजोबांच्या पिढीत बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी, राखुंडी, माकडछाप काळं दंतमंजन, परळमध्ये १९५२ साली सुरू झालेल्या विको कंपनीची वज्रदंती. कोलगेटची कंपनी भारतात १९३७ पासून आहे, तरी खेड्यांतल्या घरांत पेस्ट सर्रास पोहोचायला आणखी काही दशकं जावी लागली. या सगळ्यांत एक समान धागा आहे: दात ही घरच्या घरी सांभाळायची गोष्ट, आणि दंतवैद्य म्हणजे दात काढणारा माणूस. दुखत नसताना त्याच्याकडे जाणं म्हणजे नसतं दुखणं ओढवून घेणं.

ही समजूत मूर्खपणातून आलेली नाही. विमा नाही, खिशातून पैसे द्यायचे, अशा ठिकाणी माणूस दुखण्याची वाट पाहतोच. शिवाय आपल्या शहरांत दंतवैद्य सहज सापडतो. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालयं आहेत. पुण्यामुंबईत दर दुसऱ्या गल्लीत पाटी दिसते. दुखलं की त्याच दिवशी भेट, त्याच दिवशी एक्स-रे, काही हजारांत रूट कॅनॉल. आजार अंगावर काढला तरी निभावतं, कारण मदत चालत जाण्याच्या अंतरावर असते. हीच सवय विमानात बसून परदेशात जाते, आणि तिथे ते अंतर एकदम वाढतं.

दात साफ करून घेण्याबद्दलची भीती हा यातला खास आपला भाग. ‘एकदा स्केलिंग केलं की दात हलायला लागतात’ हे वाक्य मराठी घरात ऐकलं नाही असा माणूस विरळा. त्यामागचं निरीक्षण खोटं नाही, निष्कर्ष चुकीचा आहे. वर्षानुवर्षं साचलेलं कीटण, म्हणजे टार्टर, दातांच्या फटींत दगडासारखं बसतं. त्याच्याखाली हिरडी आणि हाड झिजलेलं असतं. कीटण काढल्यावर फटी उघड्या पडतात, गार पाणी लागतं, सैल झालेला दात सैल असल्याचं जाणवतं. दोष स्केलिंगच्या माथी जातो. ‘वरची दाढ काढली की नजर जाते’ ही दुसरी समजूत. तिला तर काहीच आधार नाही, पण तिच्या धाकाने कित्येक कुजलेल्या दाढा तोंडातच राहिल्या आहेत.

अमेरिकेत नेमकं उलटं वातावरण भेटतं. तिथे दात साफ करण्यासाठी एक स्वतंत्र व्यवसाय आहे, हायजिनिस्टचा. कनेटिकट राज्यातल्या ब्रिजपोर्टच्या आल्फ्रेड फोन्स या दंतवैद्याने १९०६ साली आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना हे काम शिकवलं आणि १९१३ मध्ये त्यासाठी शाळा काढली. तेव्हापासून दुखत नसताना जाणं ही तिथल्या मध्यमवर्गाची रीत होत गेली. त्या दवाखान्यात आपला विद्यार्थी पहिल्यांदा जातो तेव्हा तो एका दाढेसाठी गेलेला असतो. तिथे सगळ्या तोंडाचे एक्स-रे निघतात, हिरड्यांची खोली मोजली जाते, आणि हाती एक छापील यादी पडते: चार दाढांत किडीची सुरुवात, हिरड्यांची खोल सफाई, एक रूट कॅनॉल, एक कॅप, दोन अक्कलदाढा काढणं. खाली बेरीज हजारो डॉलरची. मोठ्या दाढेचं नुसतं रूट कॅनॉलच बहुधा हजार डॉलरच्या पुढे जातं, वर जवळपास तेवढीच कॅप. विमा घेतला असला तरी त्याची वार्षिक मर्यादा साधारण एक ते दोन हजार डॉलर असते.

विद्यार्थ्याची पहिली प्रतिक्रिया असते, हे आपल्याला लुटतायत. लगेच घरी फोन जातो. आई म्हणते, आपल्या डॉक्टरांना फोटो पाठव. टॉर्च लावून काढलेला जबड्याचा अंधुक फोटो व्हॉट्सॲपवरून सोलापूरला किंवा साताऱ्याला जातो, आणि तिथले डॉक्टर आपुलकीने ‘इकडे आलास की बघू’ म्हणतात. आपल्याकडे उपचाराचा निर्णय एकट्याने घ्यायची पद्धत नाही; आईवडील, मामा, शेजारच्या काकू, डॉक्टर असलेली आत्तेबहीण सगळे त्यात असतात. त्यात मायाही आहे आणि शहाणपणही. पण तिथल्या खुर्चीवर बसलेल्या बावीस वर्षांच्या मुलीपुढे संमतीचा कागद येतो तेव्हा सही तिलाच करायची असते. डॉक्टरला उलट प्रश्न विचारायची सवय नसल्यामुळे, यातलं आत्ता काय केलंच पाहिजे आणि काय सहा महिने थांबू शकतं, हा साधा प्रश्नही ती विचारत नाही. तो प्रश्न विचारण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. चांगला दंतवैद्य त्याचं उत्तर आनंदाने देतो.

मग बॅगेतली औषधांची पिशवी उघडते. परदेशी निघालेल्या प्रत्येक मराठी मुलाबरोबर ही पिशवी असते: पॅरासिटामॉल, पोटाच्या गोळ्या, बाम, लवंगेच्या तेलाची छोटी बाटली, आणि बहुतेक वेळा प्रतिजैविकांचा एखादा कोर्स. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं आणि ते खरोखर बधिरता आणतं. दंतवैद्यसुद्धा झिंक ऑक्साइडबरोबर त्याचा लेप तात्पुरत्या भरणीसाठी वापरतात. मात्र कापसाचा बोळा तेलात भिजवून रात्रभर हिरडीवर दाबून ठेवला तर ती भाजते. प्रतिजैविकांचा धोका त्याहून मोठा. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की दाढेच्या आतल्या दुखण्यावर बहुतेक वेळा प्रतिजैविकांचा उपयोग नाही. दाढेवर प्रत्यक्ष उपचार हवा आणि वेदनेसाठी साधी वेदनाशामकं पुरतात. ताप, पसरत जाणारी सूज असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हा तर घरी बसणंच घातक. विद्यार्थी मात्र गोळ्या घेतो, ठणका ओसरतो, आणि दाढ बरी झाली असं समजून परीक्षेला बसतो. आत कीड तशीच चालू राहते.

‘डिसेंबरात घरी गेलो की करून घेऊ’ हा हिशेब पैशाच्या दृष्टीने चुकत नाही. अमेरिकेत रूट कॅनॉल आणि कॅपला जो खर्च येतो त्यात विमानाचं तिकीट निघू शकतं. अडचण वेळेची आहे. सुट्टी तीन-चार आठवड्यांची, त्यात चुलतभावाचं लग्न, देवदर्शन, व्हिसाचा शिक्का. दाढेत संसर्ग जुना असेल तर दोन-तीन बैठका लागतात, कॅपचं माप देऊन ती तयार होऊन यायला दिवस जातात. त्यामुळे कित्येक मुलं तात्पुरती भरण घेऊन परत विमानात बसतात. दाढेत हवा किंवा संसर्ग अडकलेला असेल तर विमानातल्या हवेच्या दाबाच्या फरकाने भयंकर कळ येऊ शकते. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांमुळे या दुखण्याकडे डॉक्टरांचं लक्ष गेलं. आणि ते झालं नाही तरी बिनकॅपची, पोखरलेली दाढ फेब्रुवारीत कडक बुंदीच्या लाडवावर फुटते. मग ती काढण्यावाचून इलाज राहत नाही.

एक विषय आहे ज्यावर मुलं दंतवैद्याशीही खरं बोलत नाहीत. फॉर्मवर तंबाखूचा प्रश्न असतो, तिथे बहुतेक जण ‘नाही’ लिहितात. आई मिशरी लावते हे सांगायची लाज वाटते. सुपारी तर कुणी व्यसनात धरतच नाही. जेवणानंतरची गोड सुपारी, लग्नातला विडा, नागपूरकडचा खर्रा, या सगळ्यांकडे आपण सामाजिक रीत म्हणून पाहतो. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारी, तंबाखूविना नुसती सुपारीसुद्धा, माणसात कर्करोग घडवणारी म्हणून पहिल्या गटात टाकली. सुपारीने गालाची आतली त्वचा ताठ होत जाते, तिखट सहन होत नाही, तोंड हळूहळू कमी उघडतं. या विकाराची आधुनिक वैद्यकातली पहिली नोंद भारतात झाली नाही, हे मुद्दाम सांगण्यासारखं आहे. १९५२ साली श्वार्ट्झ या डॉक्टरने पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडात तो पाहिला. पुढच्याच वर्षी मुंबईत डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याला आज रूढ असलेलं नाव दिलं. माणसं समुद्र ओलांडून गेली, सवय बरोबर गेली, आणि परक्या डॉक्टरच्या डोळ्यांना ती आधी दिसली. आजही अमेरिकेतल्या किंवा जर्मनीतल्या अनेक दंतवैद्यांनी हा विकार प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. विद्यार्थ्याने सुपारीचं सांगितलंच नाही तर त्यांच्या ते लक्षात येणं कठीण.

लाजेचं दुसरं ठिकाण म्हणजे हसू. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही भागांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. असं पाणी पिऊन वाढलेल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग उमटतात. ते घासून जात नाहीत आणि त्यांचा अस्वच्छतेशी काही संबंध नाही. फ्लोराइड कमी करण्याची ‘नलगोंडा’ पद्धत नागपूरच्याच ‘नीरी’ संस्थेने शोधली, तरी डाग घेऊन मोठं झालेल्या पिढ्या आहेतच. गंमत अशी की, हेच फ्लोराइड योग्य प्रमाणात पाण्यात घालून दात वाचवण्याचा प्रयोग मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराने जानेवारी १९४५ मध्ये जगात पहिल्यांदा केला. एका ठिकाणी औषध ठरलेली गोष्ट दुसरीकडे अतिरेकाने दोष ठरली. अमेरिकेत सरळ, पांढरे दात हे चांगल्या घरचं आणि चांगल्या संगोपनाचं लक्षण मानलं जातं. वणीकडचा एखादा हुशार मुलगा मुलाखतीत तोंड मिटून हसतो. न येणाऱ्या कोणत्याही प्रश्नापेक्षा हे मिटलेले ओठ त्याला जास्त महागात पडू शकतात. म्हणून डागांवर उपचार मागणं ही चैन नाही, आणि कुणी तशी ठरवू नये.

सौंदर्याचा मापदंड सगळीकडे एक नाहीच. जपानमध्ये किंचित बाहेर आलेला सुळा, ‘याएबा’, अनेकांना गोड वाटतो. दातांच्या सवयीही सगळीकडे एक नाहीत. अरबस्तानातून आलेले विद्यार्थी मिसवाकची काडी वापरतात, आणि रमजानच्या महिन्यात दंतवैद्याची वेळ पुढे ढकलतात, कारण उपचारात पाणी किंवा रक्त गिळलं गेलं तर रोजा मोडेल का, ही त्यांची शंका असते. हे दंतवैद्याला माहीत असेल तर तो संध्याकाळनंतरची वेळ देतो. माहीत नसेल तर ‘न आलेला रुग्ण’ अशी नोंद होते आणि दंडही लागतो.

घरची सवय कितीही पक्की असली तरी व्यवस्था ती बदलू शकते, हे देश बदलून पाहिलं की लख्ख दिसतं. जर्मनीत तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला आरोग्य विमा सक्तीचा असतो आणि मूलभूत दंतोपचार त्यातच येतात. वर्षातून एकदा कीटण काढून घेणं विम्यात बसतं. तिथे ‘बोनसहेफ्ट’ नावाची एक छोटी वही मिळते. दरवर्षी तपासणीला गेलं की तिच्यावर शिक्का बसतो. सलग पाच वर्षांचे शिक्के असतील तर कॅप किंवा ब्रिजसाठीचं ठरावीक अनुदान ६० वरून ७० टक्के होतं, दहा वर्षांचे असतील तर ७५ टक्के. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते. आखेन किंवा म्युनिकला गेलेली आपली मुलं पुढे नोकरीत तिथेच राहिली तर ही वही जपून ठेवतात. ज्या घरात दुखल्याशिवाय कुणी दंतवैद्य पाहिला नाही, त्याच घरातली ही मुलं. जपानमध्ये तीन महिन्यांहून अधिक राहणाऱ्या विद्यार्थ्याला राष्ट्रीय आरोग्य विमा घ्यावा लागतो, त्यात दातही येतात आणि खर्चाचा ३० टक्के भाग तेवढा भरावा लागतो. दक्षिण कोरियाने मार्च २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांना राष्ट्रीय विमा सक्तीचा केला. वर्षातून एकदा स्केलिंग त्यात आहे.

ब्रिटनची गोष्ट मधलीच. विद्यार्थी व्हिसासाठी फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार आधीच भरावा लागतो. त्यामुळे सरकारी आरोग्यसेवेचा हक्क मिळतो, पण इंग्लंडमध्ये दंतोपचाराला वेगळं शुल्क आहे: एप्रिल २०२५ च्या दरांनुसार तपासणीसाठी २७.४० पौंड, भरण किंवा रूट कॅनॉलसाठी ७५.३० पौंड, कॅपसाठी ३२६.७० पौंड. हे दर अमेरिकेच्या मानाने फारच माफक. पण सरकारी दरात नवा रुग्ण घेणारा दंतवैद्य मिळायला हवा ना! फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टल शहराच्या सेंट पॉल्स भागात असा एक दवाखाना सुरू झाला, तेव्हा नाव नोंदवायला शेकडो माणसांची रांग लागली आणि पोलिसांना यावं लागलं. स्कॉटलंडमध्ये मात्र ऑगस्ट २०२१ पासून २६ वर्षांखालच्या सर्वांना सरकारी दंतोपचार मोफत आहेत. एडिनबरा किंवा ग्लासगोला निघालेल्या तेविशीतल्या मुलीला हे ठाऊक असणं फार मोलाचं आहे. ऑस्ट्रेलियाचा विद्यार्थ्यांसाठीचा सक्तीचा विमा नेहमीचे दंतोपचार साधारणपणे देत नाही. कॅनडात अनेक विद्यार्थी संघटनांच्या योजनांत ते असतात.

अमेरिकेतही वाट आहे, आणि ती बऱ्याच मुलांना उशिरा सापडते. न्यूयॉर्क विद्यापीठ, बोस्टनचं टफ्ट्स, ॲन आर्बरचं मिशिगन विद्यापीठ, बफेलो विद्यापीठ अशा ठिकाणी दंत महाविद्यालयं आहेत आणि त्यांची शिकवणी रुग्णालयं बाहेरच्या रुग्णांवर खासगी दवाखान्यापेक्षा बऱ्याच कमी दरात उपचार करतात. विद्यार्थी डॉक्टर काम करतो, प्रत्येक टप्प्यावर प्राध्यापक येऊन तपासतात. एका भरणीला दोन-तीन तास लागू शकतात. वेळ जातो, पण काम निगुतीने होतं. उत्पन्नानुसार शुल्क घेणारी सामुदायिक आरोग्य केंद्रंही अनेक शहरांत आहेत.

या शिकवणी रुग्णालयांत एक सुंदर गोष्ट घडते. भारतात बीडीएस झालेल्या डॉक्टरांना अमेरिकेत थेट व्यवसाय करता येत नाही. त्यांना परीक्षा देऊन तिथल्या महाविद्यालयांत पुन्हा दोन-तीन वर्षं शिकावं लागतं; न्यूयॉर्क, बोस्टन, लॉस एंजेलिस इथल्या विद्यापीठांत त्यासाठी खास अभ्यासक्रम आहेत. म्हणजे दाढ धरून आलेल्या मराठी मुलाला तपासायला कधीकधी नाशिकची किंवा कोल्हापूरची बीडीएस मुलगी उभी राहते. तीही परदेशी विद्यार्थी, तिच्याही डोक्यावर कर्ज. ‘कधीपासून दुखतंय रे? गार लागतं का गरम?’ हे तिने मराठीत विचारलं की मुलगा सुपारीपासून लवंगेच्या तेलापर्यंत सगळं खरं सांगून टाकतो. उपचाराची निम्मी अडचण तिथेच सुटते. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांनी या डॉक्टरांना गणेशोत्सवात स्टेजवर सत्काराला बोलवावं, तसंच ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसमोर तासभर बोलायलाही बोलवावं. ऐच्छिक दंतविम्याची मुदत तेव्हाच चालू असते.

खरं काम मात्र निघण्याआधी करायचं आहे, आणि ते मुलांपेक्षा आईवडिलांच्या हातात जास्त आहे. प्रवेशाचं पत्र आलं की त्याच महिन्यात दंतवैद्याकडे जा. व्हिसाची वाट पाहू नका, कारण जुलैत लाडू-चिवडा आणि बॅगांची खरेदी सुरू झाली की वेळ उरत नाही. संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढा. अक्कलदाढा आडव्या असतील तर काढायच्या की ठेवायच्या हे तेव्हाच ठरवा. किडीची सुरुवात असेल तर भरून घ्या, रूट कॅनॉल झालेल्या दाढेवर कॅप बसवूनच पाठवा, स्केलिंग करा. एक्स-रे आणि उपचारांच्या नोंदी मोबाइलमध्ये, ईमेलमध्ये ठेवा. परदेशी डॉक्टरला त्या वाचता येतात आणि दुसऱ्यांदा एक्स-रेचा खर्च वाचतो. सुपारी, मिशरी, खर्रा यांबद्दल घरात मोकळं बोला, म्हणजे मूल तिथेही बोलेल. मुंबईत नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयात आणि शासकीय दंत महाविद्यालयांत हे सगळं अगदी कमी खर्चात होतं. शिक्षणासाठी तीस-चाळीस लाखांचं कर्ज काढणाऱ्या कुटुंबाने त्यात या काही हजारांची भर घालावी, आणि मुलाच्या हातात तिकिटाबरोबर तोंडाचा एक्स-रेही द्यावा.

पुढच्या वर्षीचे प्रवेश आता सुरू होतील. तुमच्या घरातून कुणी निघणार असेल तर दिवाळीचा फराळ संपला की दंतवैद्याची वेळ घ्या.